शेजारचा भाड्याचा बंगला आणि आमची ग्रामसभा

रायगडच्या किनाऱ्यावरील आमच्या गावात शेजारचे घर दोन वर्षांपूर्वी विकले गेले आणि दर शनिवारी तेथे नवे पाहुणे, मोठा ध्वनिवर्धक व अरुंद पाखाडीच्या, म्हणजे गावातल्या पायवाटेच्या, तोंडाशी उभ्या केलेल्या गाड्या असा क्रम सुरू झाला. मी प्रथम तोंडी तक्रारी केल्या, आणि तीच माझी चूक होती, कारण तोंडी तक्रारीची नोंद कोठेच राहत नाही.

मग मी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज करून त्या घराच्या ‘नमुना 8’चा, म्हणजे कर आकारणी नोंदवहीचा, उतारा मिळवला, त्यात वापर ‘निवासी’ असाच होता. व्यावसायिक वापरावर घरपट्टी अधिक बसते, त्यामुळे वर्षभर निष्फळ ठरलेल्या माझ्या गाऱ्हाण्याकडे या एका कागदाने लगेच लक्ष वेधले. गोंगाटासाठी 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा आधार घेतला, ज्यांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही.

ग्रामसभेत पाहुण्यांना घरे भाड्याने देण्यावर सरसकट बंदीची मागणी झाली, तिला मी विरोध केला. स्वतःच्या घरात पाहुण्यांना जेवूखाऊ घालणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय येणे मला मान्य नव्हते. अखेर वापराची फेरआकारणी, गावातच राहणारा जबाबदार राखणदार, आवारातच वाहनतळ आणि सार्वजनिक विहिरीऐवजी स्वतःची पाण्याची सोय, असा ठराव झाला. मालकाने कुरकुरत का होईना, राखणदार नेमला. पाखाडी मोकळी झाली आहे. फेरआकारणी अद्याप चालू आहे.