प्राइम लेन्स घ्यायची? आधी खोली मोजा

घरात संध्याकाळी काढलेले फोटो दाणेदार येतात, कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ च्या किट लेन्सने आता भागत नाही आणि एफ १.८ ची स्वस्त प्राइम, म्हणजे झूम नसलेली, एकाच फोकल लेंथची लेन्स घ्यायचं ठरलं आहे, अशांसाठी हा लेख. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ म्हणजे काय हे ठाऊक आहे असं धरलं आहे.

१. माउंट पाहा, म्हणजे लेन्स जिथे कॅमेऱ्याला जोडली जाते तो भाग. लेन्स तुमच्या बॉडीवर (कॅमेऱ्यावर) बसायला हवी, एवढंच. निकॉनवाल्यांसाठी यात एक खड्डा आहे, तो चौथ्या पायरीत.

२. एफ १.८ वर थांबा. किट लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ १.८ ला तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो, म्हणजे जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे ६४० पुरतो. एफ १.४ मुळे यावर जेमतेम दोन-तृतीयांश स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) भर पडते आणि किंमत बहुतेक वेळा दुपटीच्या पुढे जाते. पहिल्या प्राइमसाठी तो पैसा वाया.

३. फोकल लेंथ ठरवा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच, आणि चुकवणारा सल्ला एकच: "डोळे झाकून पन्नास घे." हा सल्ला फिल्मच्या काळातला. ३६ × २४ मिमीच्या फ्रेमवर ५० मिमी ही सर्वसाधारण लेन्स होती, तेवढ्याच सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांवर आजही आहे. पण आपल्याकडचे बहुतेक सुरुवातीचे कॅमेरे एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचे असतात. कॅननच्या अशा सेन्सरची रुंदी साधारण २२.३ मिमी. कडेचं चित्र कापलं जातं आणि पन्नास अवघडल्यासारखी अरुंद होते.

किती अरुंद, ते मीटरमध्ये बघा. कॅमेरा उभा धरून साडेपाच फुटी माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर थोडी जागा सोडून घ्यायचा, तर ५० मिमीला ४ मीटर मागे जावं लागतं, म्हणजे १३ फूट. ३५ मिमीला २.८ मीटर, २४ मिमीला २ मीटरच्या आत. आता दहा बाय बाराच्या खोलीतून कपाट आणि पलंग वजा करा. हाताशी आठ फूट उरले तर फार. तेवढ्या अंतरावरून आडव्या फ्रेममध्ये पन्नासमध्ये साडेतीन फूट रुंदी मावते: दोन माणसं, तीही खांद्याला खांदा लावून. पस्तीसमध्ये पाच फूट मावतात. गणपतीत मखराशेजारी तिघांना उभं करायचं असेल, तर हा फरक पाठ भिंतीला टेकल्यावर कळतो.

एपीएस-सीसाठी फोकल लेंथला १.५ किंवा १.६ ने गुणा म्हणतात, ते गुणाकार इथे डोक्यातून काढून टाका. ते दोन वेगळ्या सेन्सरची तुलना करण्यासाठी असतात. लेन्सवर छापलेला आकडा खरी फोकल लेंथ असतो, मग ती लेन्स डीएक्स (निकॉनच्या एपीएस-सीसाठीची) असो वा फुल फ्रेमची. तुमच्या बॉडीवर किट लेन्स ३५ वर ठेवली तर ३५ ची प्राइम दाखवेल तेवढंच ती दाखवते. त्यामुळे चाचणीला पैसे लागत नाहीत. झूमची रिंग ३५ वर आणा, कागदी चिकटपट्टी लावून टाका आणि आठवडाभर तशीच वापरा. पुढच्या आठवड्यात ५०. चाचणी घरात करा. गच्चीवर किंवा बागेत पन्नासच जिंकते, कारण तिथे मागे सरकायला कुणी अडवत नाही.

"जुन्या फोटोंमधली फोकल लेंथ मोजा" हा सल्लाही अर्धवट आहे. तसं मोजलं की १८ आणि ५५ चे ढीग दिसतात, कारण रिंग तिथेच अडते. मोजायचंच असेल तर घरातले फोटो वेगळे काढा आणि मधले आकडे बघा.

निकाल असा. निकॉन डीएक्स डीएसएलआर असेल तर एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ १.८ जी, दुसरा विचार नको. २०० ग्रॅमची ही लेन्स २००९ पासूनची आहे, म्हणून जुन्या बाजारातही सापडते. फुल फ्रेम असेल तर खुशाल पन्नास. कॅनन एपीएस-सी डीएसएलआरवाल्यांची खरी पंचाईत, कारण कॅननने त्या सेन्सरसाठी स्वस्त ३५ एफ १.८ काढलीच नाही. घरातल्या माणसांसाठी ईएफ-एस २४ मिमी एफ २.८ एसटीएम घ्या, पण किटपेक्षा स्टॉपभरच जास्त प्रकाश मिळेल हे धरून. फक्त चेहरे टिपायचे असतील तरच ईएफ ५० एफ १.८ एसटीएम.

४. मोटर तपासा. निकॉनची ५० मिमी एफ १.८ डी स्वस्त दिसते, पण तिच्यात फोकसची मोटर नाही. डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या बॉडीतही नाही, म्हणून फोकस हातानेच करावा लागतो. नावात "एएफ-एस" आहे ना, तेवढं बघा. कॅनन ईएफमध्ये ही भानगड नाही.

५. वापरलेली घेत असाल तर टॉर्च न्या. मुंबई-कोकणातल्या दोन-तीन पावसाळ्यांत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. लेन्स बॉडीवरून काढा, मागून तिरका उजेड टाका आणि पुढून आत बघा. निकॉन जी लेन्सचं अ‍ॅपर्चर मागची छोटी कळ सरकवून उघडावं लागतं, नाहीतर काच पूर्ण दिसत नाही. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की किंमत कितीही उतरो, उठा. कॅननची जुनी ५० एफ १.८ टू (II) प्लास्टिक माउंटची आहे आणि ४५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. एसटीएमला माउंट धातूचा आहे आणि ती ३५ पर्यंत जवळ जाते.

६. घरी आणल्यावर लगेच तपासा. आधी दोन गोष्टी लक्षात घ्या. एपीएस-सीवर ५० मिमी एफ १.८ ला एक मीटरवर जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो, म्हणजे डोळा स्पष्ट आणि कान धूसर. हा लेन्सचा दोष नाही, एफ २.८ करून बघा. दुसरं, वर सांगितलेल्या निकॉन-कॅननच्या एकाही प्राइममध्ये स्थिरीकरण, म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय नाही. किटवर १/१५ सेकंदाच्या शटरला जमत होतं म्हणून इथे जमणार नाही. बसलेल्या माणसाला १/१२५ आणि पोरांना १/२५० ठेवा.

मग कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) ठेवून टेबलावरच्या तिरक्या मोजपट्टीच्या एका आकड्यावर एफ १.८ ला फोकस करा, एकदा व्ह्यूफाइंडरमधून, एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. लाइव्ह व्ह्यूचा फोटो स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरचा दर वेळी पुढे किंवा मागे सरकलेला आला, तर बॉडी आणि लेन्सचं जुळत नाही. सुरुवातीच्या बहुतेक बॉडींत ते दुरुस्त करायची सोय नसते. परत करायची मुदत संपायच्या आत दुसरा नग मागा.