गोव्यातल्या छोट्या धंद्यासाठी अकाउंटंट निवडताना या चुका टाळा

म्हापशाच्या बाजारात कोणालाही विचारा, ‘तुमचो हिशेब कोण पळयता (बघतो)?’ उत्तर ठरलेलं: ‘आमचो सीए आसा मरे.’ प्रत्यक्षात तो माणूस सीए असतोच असं नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी घालणारा, जीएसटीची रिटर्न्स भरणारा आणि ऑडिटवर सही करणारा हे तीन वेगळे लोक असू शकतात. आपल्याला यांतला कोण हवा हेच न ठरवता शोधायला निघणं, ही पहिली चूक.

रोजची खरेदी-विक्री, बँक आणि रोकड जुळवायला चांगला टॅलीवाला पुरतो. जीएसटीची रिटर्न्स नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनरही भरू शकतो. पण टॅक्स ऑडिट (आयकरासाठी होणारी हिशेबांची तपासणी) आणि कर्जासाठी बँक मागते ती प्रमाणित बॅलन्स शीट, ही कामं सीएचीच. धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर गेली की साधारणपणे टॅक्स ऑडिट लागतं. एकूण जमा आणि एकूण खर्च या दोन्हींत रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर हीच मर्यादा १० कोटी. फोंड्यातल्या ६० लाख उलाढालीच्या हार्डवेअर दुकानाला दर महिन्याला सीए पोसायची गरज नसते. वर्षातून दोनदा नीट सल्ला आणि रोजच्या नोंदींना भरवशाचा माणूस असला की झालं.

‘लिहितो पण मीच, ऑडिटची सही पण माझीच’ असं कोणी सांगितलं तर सावध व्हा. जो सीए वह्या लिहितो त्याने त्याच वह्यांचं ऑडिट करायचं नसतं, असा त्यांच्याच संस्थेचा नियम आहे. सही दुसऱ्याची असेल तर तो कोण ते विचारा. सीएने दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटवर आणि ऑडिट रिपोर्टवर १८ अक्षरी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो. त्याचे पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा त्या सीएच्या मेंबरशिप नंबरचे. हे सहा आकडे शिक्क्यातल्या नंबराशी जुळत नसतील तर कागद बँकेत नेऊ नका. यूडीआयएनच्या पोर्टलवर तो कोणालाही पडताळता येतो, आणि बँकवाले पडताळतातच.

‘धंदा कुठलाही असो, हिशेब तोच’

हे वाक्य ऐकलं की चहा संपवून उठावं. गोव्यातल्या छोट्या धंद्यांना असे काही खास खड्डे आहेत की बाहेरचा हुशार माणूसही त्यात पडतो.

बार अँड रेस्टॉरंट घ्या. समजा वर्षाला जेवणाची विक्री १४ लाख आणि दारूची १६ लाख. दारूवर जीएसटी नाही, तिच्यावर व्हॅट. मग अकाउंटंट म्हणतो, ‘जीएसटीची विक्री १४ लाखच, २० लाखांच्या आत आहात, नोंदणी नको.’ साफ चूक. मर्यादा मोजताना करपात्र नसलेली विक्रीही धरायची असते. म्हणजे तुमची उलाढाल ३० लाख आणि नोंदणी सक्तीची. दुसरा सल्लाही चुकीचाच: ‘कंपोझिशन घ्या, ५ टक्के भरून मोकळे.’ कंपोझिशन म्हणजे छोट्या धंद्याने उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोपी योजना. दारू विकणाऱ्याला कंपोझिशन मिळतच नाही. दोन-तीन वर्षांनी हे उघड झालं तर नेहमीचा कर, त्यावर व्याज आणि दंड लागू शकतो, आणि तो कर ग्राहकाकडून कधीच घेतलेला नसतो. म्हणून पहिल्याच भेटीत साळसूदपणे विचारा, ‘माझं बार-रेस्टॉरंट आहे, कंपोझिशनमध्ये जाऊ का?’ उत्तरात ‘हो’ आलं तर पुढचे प्रश्न विचारायची गरज नाही.

काजूचा कारखाना असेल तर प्रश्न वेगळा. शेतकऱ्याकडून न सोललेली काजू बी घेतली की तिच्यावरचा जीएसटी नोंदणीकृत घेणाऱ्याने भरायचा असतो. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात.  शेतकरी बिल देत नाही, टॅलीत ती खरेदी ‘कर नाही’ अशी चढते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्याने काजूवाल्याचे हिशेब केलेत त्याला हे सांगावं लागत नाही.

होमस्टे किंवा छोटं हॉटेल: २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी, पण इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी त्यातून वळता करता येत नाही. त्याआधी १२ टक्के होता, क्रेडिटसह. त्यामुळे ‘नवीन एसी घेतला, त्याचं क्रेडिट घेऊ ना?’ हा फार चांगला चाचणीप्रश्न आहे. सगळ्या खोल्या ५ टक्क्यांत असतील तर क्रेडिट नाही. जुन्या सवयीने घेणारा अकाउंटंट तुमच्यासाठी नोटीस तयार करून ठेवतोय.

स्विगी-झोमॅटोवर जेवण देत असाल तर त्या विक्रीवरचे ५ टक्के १ जानेवारी २०२२ पासून कंपनीच भरते. ती विक्री जीएसटीआर-३बी या कर भरायच्या रिटर्नमध्ये वेगळ्या रकान्यात दाखवायची, तुमच्या नेहमीच्या विक्रीत नाही. चुकीच्या रकान्यात गेली की एकाच थाळीवर दोनदा कर. मागचं एखादं ३बी उघडून ३.१.१ हा तक्ता बघा. दर महिन्याला ऑर्डरी येत असूनही तो रिकामा असेल तर काय झालंय ते कळेल.

नवरा-बायकोचा अर्धा-अर्धा हिशेब

आता सर्वांत महाग चूक. गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोड लागू असलेल्या जोडप्याचं उत्पन्न आयकरासाठी दोघांत निम्मं-निम्मं वाटलं जातं. जुन्या आयकर कायद्यात हे कलम ५ए, नव्या कायद्यातही तरतूद कायम आहे. धंद्याचा नफा, घरभाडं, व्याज, मालमत्ता विकून झालेला फायदा, सगळं वाटायचं. फक्त पगार ज्याचा त्याचा. लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केला असेल तर चित्र बदलतं, म्हणून अकाउंटंटने लग्नाचे कागद मागितले तर रागावू नका. उलट, न मागणाऱ्याची काळजी करा.

आकड्यांत बघा. डिचोलीत नवऱ्याच्या नावावर दुकान, वर्षाचा नफा १८ लाख, बायकोला दुसरं उत्पन्न नाही. नव्या कररचनेत आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी सगळा नफा एकट्याच्या रिटर्नमध्ये दाखवला तर कर १,६०,००० आणि त्यावर ४ टक्के सेस, एकूण १,६६,४०० रुपये. नियमाप्रमाणे ९ आणि ९ लाख असा वाटला तर दोघंही १२ लाखांच्या आत, रिबेटमुळे दोघांचाही कर शून्य. मुंबई-पुण्याच्या ऑनलाइन सेवेकडून स्वस्तात रिटर्न भरून घेणारे गोंयकार इथेच अडकतात. समोरच्या माणसाने हा विषय कधी पाहिलेलाच नसतो.

पण ही ऐच्छिक सवलत नाही, ती कायद्याची वाटणी आहे. बायकोचा पगार मोठा असेल आणि वाटणीने कर वाढत असेल तरी वाटावंच लागतं. शिवाय काम अर्धवट झालं की नोटीस ठरलेली. नवऱ्याच्या पॅनवर कापलेला टीडीएसही त्याच प्रमाणात बायकोकडे न्यावा लागतो, दोन्ही रिटर्न्समध्ये एकमेकांचा पॅन लागतो आणि शेड्यूल ५ए, म्हणजे रिटर्नमधला वाटणीचा तक्ता, दोन्हीकडे जुळावं लागतं. एकाचं रिटर्न एका अकाउंटंटकडे आणि दुसऱ्याचं दुसऱ्याकडे ठेवलं की आकडे हमखास फिसकटतात. दोघांचं काम एकाच टेबलावर द्या.

मोबाईल नंबर कोणाचा?

नोंदणी करून देताना बरेच अकाउंटंट पोर्टलवर स्वतःचाच मोबाईल आणि ईमेल घालतात. ओटीपीसाठी रोज फोन करावा लागू नये, एवढाच हेतू असतो बहुतेकदा. पण मग नोटिसाही त्यांनाच जातात. जीएसटीच्या आदेशाविरुद्ध अपिलाला तीन महिने असतात, आणि ते संपल्यावर मालकाला बँक खातं गोठल्याचं कळतं.

आज करायचं काम: जीएसटी पोर्टलवर लॉगिन करा, नोंदणीतल्या नॉन-कोर दुरुस्तीत जा, मालक आणि अधिकृत सही करणाऱ्याच्या पानावर स्वतःचा मोबाईल व ईमेल घाला, ओटीपीने पक्कं करा. याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. लॉगिनच नसेल आणि अकाउंटंट फोन उचलत नसेल, तर ओळखीचे आणि धंद्याचे कागद घेऊन आपल्या वॉर्डाच्या अधिकाऱ्याकडे जा. तो नंबर-ईमेल बदलून तात्पुरता पासवर्ड देऊ शकतो. डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह कोणाच्या टेबलाच्या खणात ठेवू नका. ती तुमची सही आहे, शिक्का नव्हे.

रिटर्न भरलं की नाही हे विचारत बसायचीही गरज नाही. पोर्टलवर लॉगिनशिवाय ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये जीएसटी नंबर घाला आणि फायलिंग टेबल उघडा. कुठलं रिटर्न कुठल्या तारखेला गेलं ते दिसतं. हीच युक्ती अकाउंटंट निवडायच्या आधी वापरा. तो ज्या दुकानांचं काम बघतो असं सांगतो, तिथल्या बिलावर ३० ने सुरू होणारा नंबर छापलेलाच असतो. तीन दुकानांच्या तारखा पाहिल्या की माणूस कसा काम करतो ते कळतं. मासिकवाल्यांसाठी जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या तपशिलाचं रिटर्न) तारीख ११, ३बी ची २०. तिमाहीवाल्यांना गोव्यात तिमाही संपल्यानंतरची १३ आणि २२. एखादा महिना उशीर होऊ शकतो, पण तिन्ही दुकानं सतत उशिरा असतील तर दोष दुकानदारांचा नाही.

अर्थात कधीकधी दोष आपलाही असतो. बिलांची पिशवी १९ तारखेला नेऊन टाकली तर कोणीही अंदाजेच भरणार. १४ तारखेला पोर्टलवर २बी, म्हणजे तुमच्या खरेदीवरच्या क्रेडिटचं विवरण, तयार होतं, त्याच्याशी तुमची खरेदी ताडून बघायला दोन-तीन दिवस लागतात. बिलं ५ तारखेच्या आत द्या आणि मगच जाब विचारा.

शॅकवाले आणि पावसाळ्यात बंद असणारे: विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं. शून्य रिटर्नची लेट फी दिवसाला २० रुपये, तीही एका रिटर्नला ५०० वर थांबते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. खरा फटका असा की मागचं रिटर्न अडलं की पुढचं भरता येत नाही, आणि सलग सहा महिने, तिमाहीवाल्यांचे सलग दोन तिमाही, गेले तर नोंदणी रद्द होऊ शकते. ऐन ऑक्टोबरात.

कराचे पैसे अकाउंटंटच्या हातात रोख देऊ नका. चलन तुमच्या नावाने काढून घ्या, तुमच्या खात्यातून भरा, फी वेगळी द्या. रिफंडच्या टक्केवारीवर काम करतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. नफ्याच्या किंवा निकालाच्या टक्क्यांवर फी घ्यायला सीएला सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि मोठा रिफंड दाखवण्यासाठी खोट्या वजावटी घातल्या तर नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. फी ठरवताना तिच्यात काय-काय येतं ते कागदावर घ्या: रिटर्न्स, २बीची ताडणी, टीडीएस, नोटिशीचं उत्तर, व्हॅट. नोटिशीचं उत्तर बहुधा वेगळ्या पैशांचं असतं, आणि वाद नेमका तिथेच होतो.

अकाउंटंट बदलायचाच असेल तर महिन्याच्या २० तारखेनंतर बदला, ११ आणि २० च्या मध्ये नको. जुन्याकडून टॅलीचा बॅकअप, टॅली व्हॉल्टचा (टॅलीतल्या डेटाच्या कुलपाचा) पासवर्ड, चलनं, आयकर रिटर्नच्या पावत्या आणि हिशेबाची पानं, घसाऱ्याचा तक्ता, शेवटच्या साठ्याची यादी घ्या. व्हॉल्टचा पासवर्ड गेला तर डेटा उघडत नाही, आणि जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. ऑडिट करणारा नवा सीए आधी जुन्याला पत्र लिहितो. जुन्याची वाद नसलेली ऑडिट फी थकली असेल तर नवा काम घेणार नाही, तेव्हा ती आधी चुकती करा. घेतलेला बॅकअप घरच्या लॅपटॉपवर त्याच दिवशी उघडून बघा, मागच्या मार्चची बॅलन्स शीट दिसते का ते.