नवी पुली बसवली आणि बॅटरी बसली: चार्जिंगचा दोष शोधायचा कसा

अंडरड्राइव्ह पुल्यांचा (इंजिनाच्या बेल्टवरची यंत्रे हळू फिरवणाऱ्या पुल्यांचा) सेट बसवल्यावर काही गाड्या ठरलेल्या क्रमाने कुरकुरायला लागतात. आधी सिग्नलला थांबल्यावर हेडलाइट मंदावतात आणि रेस दिली की उजळतात. मग एसीचा ब्लोअर आयडलिंगला मरगळतो, बॅटरीचा दिवा मिणमिणतो आणि एके सकाळी सेल्फ नुसता टक्‌ टक्‌ करतो. मालक नवी बॅटरी आणतो. तीही बसली की मेकॅनिक अल्टरनेटर, म्हणजे बेल्टवर फिरून वीज बनवणारे आणि बॅटरी भरणारे यंत्र, उतरवतो. बहुतेक वेळा दोन्ही ठणठणीत असतात आणि चुकलेला असतो तो पुल्यांचा हिशेब.

हिशेब आधी कागदावर

अंडरड्राइव्हमध्ये क्रँकची (इंजिनाच्या मुख्य दांड्याची) पुली लहान करतात. त्यामुळे अल्टरनेटर, वॉटर पंप, एसी हे सगळे हळू फिरतात आणि इंजिनावरचा भार थोडा हलका होतो. समजा, मूळ क्रँक पुली १५० मिमीची आणि अल्टरनेटरची ५४ मिमीची आहे. गुणोत्तर २.७८, म्हणजे ८०० आरपीएम आयडलिंगला अल्टरनेटरचे २,२०० च्या आसपास फेरे. क्रँक पुली १२० मिमीची केली की गुणोत्तर २.२२ होते आणि फेरे १,७८० वर येतात. फेरे २० टक्क्यांनी घटले, पण करंटचे नुकसान त्याहून जास्त होऊ शकते. अल्टरनेटर हजार-दीड हजार फेऱ्यांच्या खाली जवळपास काहीच देत नाही आणि त्यानंतर त्याचा आलेख उभा चढतो. आयडलिंगला आपण नेमके त्या चढावर असतो.

अल्टरनेटरच्या लेबलवर बऱ्याचदा दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ‘१४ व्ही ४५/८० ए’. पहिला १,८०० फेऱ्यांचा, दुसरा ६,००० फेऱ्यांचा. दुकानदार ८० सांगतो. ट्रॅफिकमध्ये उपयोगी पडतात ते ४५, आणि अल्टरनेटर तापला की तेही पुरते मिळत नाहीत.

आता खर्च बघा. हेडलाइट आणि पार्किंग मिळून सुमारे १० अँपिअर, ब्लोअर पूर्ण वेगात १५, एसीचा क्लच ४, रेडिएटरचा पंखा १२, फ्युएल पंप, इंजेक्शन आणि इग्निशनचे ९, वायपरचे ४. बेरीज ५४. पावसाळी संध्याकाळी हिंजवडीहून निघून तासभर मुंगीच्या पावलाने सरकणारी गाडी म्हणजे हेच. दर तासाला ९ अँपिअर-अवर बॅटरीतून जातात, आणि बॅटरी असते जेमतेम ३५ ते ४५ ची. मूळ पुलीवर हाच अल्टरनेटर कसाबसा निभावून नेतो. म्हणूनच हायवेला काही तक्रार नसते आणि शहरात गाडी रडते.

व्यास मोजायला व्हर्नियर नसेल तर दोन्ही पुल्यांभोवती दोरा गुंडाळून घेर मोजा. घेराला घेराने भागले तरी गुणोत्तर तेच येते.

मग मल्टिमीटर

बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून रात्रभर ठेवा. सकाळी १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२.४ च्या खाली असेल तर पुन्हा भरा, कारण अर्धी बॅटरी पुढचे सगळे आकडे खोटे पाडते.

इंजिन गरम करून आयडलिंगला, सगळे दिवे बंद ठेवून, थेट बॅटरीच्या खांबांवर मोजा. साधारण १३.८ ते १४.५ यायला हवे. होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मात्र ईएलडी (विजेचा भार मोजणारा सेन्सर) असतो. भार कमी दिसला की काँप्युटर मुद्दाम साडेबाराच्या आसपास व्होल्टेज ठेवतो. हेडलाइट लावले की आकडा १४ च्या वर उडी मारतो. तो दोष नव्हे. ‘स्मार्ट चार्जिंग’च्या नव्या गाड्यांतही आकडा असाच खालीवर होतो.

खरी परीक्षा पुढची. हाय बीम, ब्लोअर, एसी, मागच्या काचेचा हीटर सगळे लावा आणि पाच मिनिटे थांबा, रेडिएटरचा पंखा सुरू होऊ द्या. १३.२ च्या वर टिकले तर ठीक. १२.८ च्या खाली घसरले तर गाडी बॅटरीवर जगते आहे. आता कोणाला तरी हळूहळू रेस द्यायला सांगा: १,०००, १,२००, १,५००. ज्या आरपीएमला आकडा १३.५ ओलांडतो तो लिहून ठेवा. १,२०० ला सावरला तर दोष निव्वळ फेऱ्यांचा आहे. २,५०० ला देखील सावरला नाही, तर बेल्ट, वायर किंवा अल्टरनेटर बघायचा. नुसती २,००० ला रेस देऊन ‘चौदा दाखवतंय, चार्जिंग ओके’ म्हणणारा मेकॅनिक नेमका हाच दोष सोडून देतो.

चालू गाडीत बॅटरीची वायर काढून ‘बंद पडते का बघू’ हा जुना प्रयोग मात्र करू नका. व्होल्टेज क्षणात उसळते आणि ईसीयू (इंजिनाचा काँप्युटर) किंवा अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात.

वायरही तपासून घ्या. सगळा भार लावून १,५०० आरपीएमला अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजा: ०.२-०.३ व्होल्टच्या आत हवे. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.२ च्या आत. जास्त आले तर पुली बसवताना ढिली राहिलेली किंवा गंजलेली जोडणी सापडेल.

सेल्फ मारल्यावर बॅटरीचा दिवा तसाच राहतो आणि एकदा रेस दिल्यावर विझतो, तेव्हा अल्टरनेटर मेलेला नसतो. कमी फेऱ्यांवर त्याला स्वतःचे चुंबकत्व उभे करता येत नाही, इतकेच. जुन्या गाड्यांत हे हमखास दिसते.

बेल्ट घसरतोय का?

क्रँक पुली १५० ची १२० झाली आणि बेल्टचा तिच्याभोवती साधारण अर्धा विळखा असेल, तर बेल्ट अंदाजे ४७ मिमी लांब पडतो. जुना ६पीके१२०० (सहा खाचांचा, १,२०० मिमी लांबीचा बेल्ट) तसाच ठेवला तर ऑटो टेन्शनर (बेल्ट आपोआप ताणून धरणारा भाग) आपल्या खुणेबाहेर जातो आणि बेल्ट घसरतो. अशा वेळी ११५० च्या आसपासचा बेल्ट लागतो. घसरणारा बेल्ट गुळगुळीत चकाकतो, अल्टरनेटरची पुली हात लागू न देण्याइतकी तापते (हात इंजिन बंद करूनच लावा) आणि आजूबाजूला काळी भुकटी बसते.

बेल्ट ओरडत असेल तर त्याच्या खाचांवर लांबून थोडे पाणी फवारा. आवाज क्षणभर थांबला तर पुल्या एका रेषेत नाहीत. वाढला तर ताण कमी आहे. सरळ पट्टी लावून दोन्ही पुल्यांच्या खाचा जुळवून बघा. पीके बेल्टच्या दोन खाचांत ३.५६ मिमी अंतर असते, आणि घाईत एक खाच चुकवून बेल्ट बसवणे ही सर्रास होणारी चूक आहे. बेल्टची एक कड पुलीबाहेर दिसली की समजा.

उपाय

सर्वांत स्वस्त उपाय अल्टरनेटरला लहान पुली लावण्याचा. १२० च्या क्रँक पुलीला ४८ मिमीची जोडली की गुणोत्तर २.५ होते आणि ८०० ला २,००० फेरे मिळतात. त्याहून फार लहान करू नये, विळखा कमी पडून बेल्ट पुन्हा घसरतो. रेडलाइनचा (इंजिनाच्या कमाल आरपीएमचा) हिशेबही करा: ७,००० गुणिले २.५ म्हणजे १७,५००. बहुतेक अल्टरनेटर १८,००० च्या आसपास हात टेकतात. टर्बो डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पुलीत बहुधा फ्रीव्हील (एकाच दिशेने पकड घेणारी यंत्रणा) असते. तिच्या जागी लेथवर काढलेली भरीव पुली लावली तर बेल्ट फडफडतो आणि टेन्शनर मोडतो.

ईसीयूमधून आयडलिंग ८०० चे ९०० करता आले तर अर्धे काम होते. जास्त अँपिअरचा अल्टरनेटर घेणार असाल तर लेबलवरचा पहिला आकडा बघून घ्या. १२० चा म्हणून आणलेला अल्टरनेटर आयडलिंगला जुन्याइतकेच देत असेल तर पैसे वाया.

एक गोष्ट चार्जिंगपलीकडची, पण गंभीर. अनेक इंजिनांत मूळ क्रँक पुलीच्या पोटात रबराचा डॅम्पर असतो, तो क्रँकशाफ्टची पिळवटणारी कंपने शोषतो. त्याच्या जागी भरीव अॅल्युमिनियमची पुली आली तर काही इंजिनांत बेअरिंग आणि ऑइल पंपाचे गिअर त्याची किंमत मोजतात. तुमच्या पुलीत डॅम्पर असेल तर चार्जिंगवर खर्च करण्याऐवजी मूळ पुली आणि मूळ बेल्ट परत बसवा. क्रँकचा बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा. जिथे बोल्ट नवा घालायला सांगितला आहे तिथे नवाच घाला.

काहीही बदलले तरी सगळा भार लावून पाच मिनिटांची आयडलिंगची चाचणी पुन्हा घ्या, आणि आठवड्याने सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॅटरी मोजा. १२.५ च्या वर असेल तर बॉनेट लावून टाका.