नळी घरी येण्याआधी

क्रोन्स या आतड्याला सूज आणणाऱ्या दीर्घ आजारात मुलांना कधी कधी ६ ते ८ आठवडे फक्त फॉर्म्युला, म्हणजे पूर्ण पोषण देणारं पातळ अन्न देतात, बाकी जेवण पूर्ण बंद. ती सूज उतरावी आणि वाढीच्या वयात स्टिरॉइड टळावं, हा हेतू. तोंडाने तेवढा फॉर्म्युला जात नसेल तर नाकातून पोटापर्यंत नळी घालतात. आमच्या लेकीला ती नवव्या वर्षी लागली. मी सगळी तयारी नळीची केली, जेवण बंद होण्याची केलीच नाही. तुम्ही दोन्हीची करा.

आदल्या दिवशी मुलाला खरं सांगा. नाकात चरचरेल, घशाशी आल्यावर उमासा येईल, डोळ्यांत पाणी येईल, पण ते लवकर संपेल. मग एकदोन दिवस घशात काहीतरी अडकलंय असं वाटत राहील. ‘काही होत नाही गं’ म्हणालात, तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर विश्वास उरणार नाही. नर्सकडून तशीच एक नळी मागून घ्या, हाताळू द्या, बाहुलीच्या नाकाला चिकटवू द्या. कोणती नाकपुडी, कुणाचा हात धरायचा, गोष्ट ऐकायची की आकडे मोजायचे, हे तिला ठरवू द्या. घालायची की नाही, हे मात्र विचारू नका. तिथे तिचं ‘नाही’ तुम्ही ऐकणार नसता. स्ट्रॉने पाणी गिळत राहिलं की नळी सहज सरकते, पण पाणी चालेल का ते आधी विचारा. पुढे घरी नळी बदलायची वेळ आली तर तिच्या झोपायच्या पलंगावर नको.

दवाखान्यातून सुट्टी घेण्याआधी नर्ससमोर निदान दोनदा स्वतः फीड, म्हणजे नळीतून फॉर्म्युला, देऊन पाहा. नाकपुडीपाशी नळीवर कोणता आकडा आहे तो वहीत टिपा. तो बदलला म्हणजे नळी सरकली. फीडआधी सिरिंजने पोटातला थोडा द्रव ओढून आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीवर तपासायचा, ५.५ किंवा त्याखाली आला तरच पुढे. हवा सोडून गुडगुड ऐकण्यावर भिस्त ठेवू नका. नळी चुकीच्या जागी असतानाही तसा आवाज येऊ शकतो. फीड चालू असताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास उशांना टेकून बसवा. खोकल्याची उबळ, धाप किंवा ओठ निळे दिसले तर फीड तिथेच थांबवून दवाखाना गाठा. फीडच्या आधी-नंतर नळीत किती पाणी सोडायचं, तेही लिहून घ्या. गाल सोलवटू नये म्हणून टेपखाली त्वचा जपणारी पातळ हायड्रोकोलॉइड पट्टी लावतात. तोंडाने खाणं नसलं तरी दात दोन वेळा घासायचेच.

आता स्वयंपाकघर. नळीची सवय आठवड्यात झाली, पण फोडणीचा वास आला की ती खोलीचं दार लावून घ्यायची. जेवताना आमच्यात बसायचं की नाही, हे पहिल्याच दिवशी तिला विचारायला हवं होतं. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, ‘तुम्ही जेवा, मी बाबांबरोबर पत्ते खेळते’; म्हणून बाबा नंतर जेवायला लागले. आजी-आजोबांना आधीच बसवून सांगा, कारण ‘एकच घास दे ना, काय होतंय’ हे प्रेमापोटीच येतं आणि मुलाला दोघांच्या मध्ये अडकवतं. शाळेत बाईंना चिठ्ठी द्या, डब्याच्या सुट्टीत ती काय करेल ते ठरवा. कुणी नाकाबद्दल विचारलंच तर द्यायचं एक वाक्य घरी म्हणून घ्या. तिचं होतं, ‘माझ्या पोटाला आराम दिलाय, ही त्याची नळी.’ कॅलेंडरही बघा. आमच्या त्या आठवड्यांच्या मधेच गणपती आले. प्रसाद वाटायचं काम तिने स्वतः मागितलं. मला बघवत नव्हतं, पण तिला ते हवं होतं.

आणि खाणं परत कसं सुरू होणार, ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून लिहून घ्या. ते हळूहळूच होतं. लेकीने कॅलेंडरच्या मागे खायच्या पदार्थांची यादी केली होती. आम्ही ती डॉक्टरांना दाखवली आणि त्यांनी कशाच्या पुढे कितवा आठवडा ते लिहून दिलं. वरणभात पहिला होता.