या चुका टाळा: ‘स्वयम्’वर नाव नोंदवलं, तरी परीक्षेचा फॉर्म राहतोच

शिरवळच्या एका कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी ‘स्वयम्’ या सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर एनपीटीईएलचा (आयआयटी वगैरे संस्थांच्या ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) १२ आठवड्यांचा कोर्स इमानेइतबारे पूर्ण केला. वही भरली, व्हिडिओ दोनदा पाहिले. मग एका रविवारी सातारला आला आणि म्हणाला, “दादा, हॉल तिकीट अजून कसं आलं नाही रे?” परीक्षेचा फॉर्म त्याने भरलाच नव्हता.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. कोर्सला नाव नोंदवणं फुकट असतं, परीक्षेची नोंदणी मात्र वेगळी. तिची फी वेगळी आणि शेवटची तारीखही वेगळी, आणि ती तारीख कोर्स चालू असतानाच उलटून जाते. ईमेल येतो, पण आपण तो पाहतो कुठे? खातं उघडताना सायबर कॅफेवाल्याचा किंवा पोराचा ईमेल दिलेला असेल, तर विषयच संपला. फॉर्मवरचं नाव ओळखपत्राशी जुळवून मगच सबमिट करा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या ताईंनी तर दोनदा पाहावं.

दुसरी चूक गुणांची. “परीक्षेत बघून घेऊ” म्हणून असाइनमेंट सोडून देतात. एनपीटीईएलमध्ये असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. १२ आठवड्यांच्या कोर्सात तुमच्या सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंट धरतात. प्रमाणपत्राला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, असे दोन्हीकडचे गुण स्वतंत्र लागतात. म्हणजे परीक्षेत ७० मिळवले आणि असाइनमेंट कोऱ्या ठेवल्या, तर हाती काही नाही. पाटणच्या डोंगरात रेंज कशी असते हे सांगायला नको, त्यामुळे शेवटच्या रात्रीची वाट पाहू नका.

इंग्रजी अडतं म्हणून कोर्स सोडू नका. बऱ्याच एनपीटीईएल व्याख्यानांची मराठी लिखित प्रत मिळते. भाषांतर कधी कधी पुस्तकी वाटतं, पण कामाला येतं.

कॉलेजला असाल तर क्रेडिटचं, म्हणजे हा कोर्स तुमच्या पदवीत धरला जाईल का ते, आधी विचारा, कोर्स संपल्यावर नव्हे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे कोर्स ‘स्वयम्’वरून घेता येतात, पण कोणता कोर्स चालेल हे तुमचं कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. विभागप्रमुखांकडून लेखी होकार घ्या. तोंडी “हो हो, करा” म्हटलेलं पुढे कुणाला आठवत नाही.

आणि ‘घरबसल्या पदवी’च्या जाहिरातीला भुलून पैसे भरण्याआधी यूजीसीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मान्यताप्राप्त यादीत ते विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम आहे का, ते पाहा.

मावसभावाने जानेवारीच्या सत्रात तोच कोर्स पुन्हा घेतला. या वेळी परीक्षा फीची पावती त्याने रात्रपाळीवरूनच मला पाठवली, पहाटे साडेतीनला.