अचानक आलेला पैसा पडद्यावर आणताना : सहायक दिग्दर्शक म्हणून माझं पहिलं शेड्यूल

गावाकडची पोरंपोरी हल्ली फोन करून विचारतात, "ताई, फिल्म लाइनमध्ये शिरायचं कसं?" फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून काढते.

आमचा चित्रपट विनोदी आहे. नाव अजून जाहीर झालेलं नाही, त्यामुळे इथंही लिहीत नाही. गोष्ट जालना जिल्ह्यातल्या एका घरातली. तीन भाऊ, लग्न होऊन गेलेली एक बहीण आणि म्हातारी माय. महामार्गात जमीन जाते, खात्यात एकदम रक्कम पडते आणि घर उसवायला लागतं. आमच्याकडं ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर या दोन्ही जिल्ह्यांतून जातो. त्याच्यासाठी सरळ खरेदीत पाचपटीच्या हिशेबानं मोबदला मिळाला. त्या पैशानं काय केलं आणि काय मोडलं, हे मी माझ्या भावकीत पाहिलंय.

मला काम मिळालं तेही याच माहितीवर. मी विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकले, युवक महोत्सवात प्रहसनं केली. पण दिग्दर्शकांनी मला रेकीला, म्हणजे शूटिंगच्या जागा बघायला, सोबत नेलं ते वेगळ्या कारणानं. सातबारा, फेरफार, मोजणी, हक्कसोड हे शब्द कोण कुठं आणि कोणत्या आवाजात बोलतं, ते मला ठाऊक होतं. तुमच्या भागात कुणी रेकीला आलं तर घरं दाखवायला जरूर जा. दोन दिवस गाडीत बसून जेवढी ओळख होते, तेवढी बायोडाटा पाठवून होत नाही.

मी थर्ड एडी होते, म्हणजे तिसरी सहायक. क्लॅप देणं (शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यापुढं सीन नंबरची पाटी वाजवणं), कलाकारांना मेकअपमधून सेटवर आणणं आणि कंटिन्यूटी सांभाळणं, म्हणजे कपडे, वस्तू सीनमागून सीन जुळतात ना ते बघणं, ही माझी कामं. पहिली दोन आठ दिवसांत अंगवळणी पडतात. कंटिन्यूटीला मात्र वेळ द्यावा लागतो. चित्रपट गोष्टीच्या क्रमानं शूट होत नाही. जागा, कलाकारांच्या तारखा आणि भाड्यानं आणलेलं सामान यांच्या क्रमानं होतो. म्हणून आधी पटकथेचा ब्रेकडाऊन करतात. प्रत्येक सीन दिवसा की रात्री, कुठं, कोण आहे, अंगावर काय, हातात काय, हे सगळं त्यात येतं. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा अंदाजही तिथंच लागतो. मी माझ्या वहीत एक रकाना जास्तीचा आखला : पैसा यायच्या आधी की नंतर, आणि नंतर असेल तर किती दिवसांनी.

त्या रकान्याचा फार उपयोग झाला. घरात पैसा एका रात्रीत दिसत नाही. आधी धाकट्याचा मोबाइल बदलतो, मग दारात बुलेट येते, मग न्हाणीला फरशी बसते, मग सोफा. आणि माय मात्र तिच्या त्याच बाजेवर. बाज कुठल्या सीनमध्ये पुढच्या दाराजवळच्या ढाळजेत आहे आणि कुठल्या सीनपासून मागच्या पडवीत गेली, हे प्रेक्षकाला कुणी सांगत नाही. त्याच्या नजरेला ते कळतं, आणि हसता हसता कुठंतरी खटकतं. आमच्या दिग्दर्शकांनी पूर्ण चित्रपट त्या बाजेवर तोलला होता.

आता चूक सांगते. सोफा तालुक्याच्या गावाहून चार दिवसांच्या भाड्यानं आणला होता, म्हणून सोफ्याचे सगळे सीन आधी घेतले. सोफ्यावरचं प्लास्टिक आम्ही मुद्दाम ठेवलं होतं, कारण नव्या सोफ्याचं प्लास्टिक वर्षभर काढायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज. एका सीनमध्ये थोरल्याचा पोरगा त्याचा कोपरा ओढून फाडतो. दुसऱ्या दिवशी आम्ही गोष्टीत त्याच्या आधी येणारा सीन घेतला आणि फाटका कोपरा फ्रेममध्ये राहिला. माझं लक्ष संवादांवर होतं. एडिटिंगला बसल्यावर सापडलं तेव्हा सोफा केव्हाच परत गेला होता. चांगला अभिनय झालेला मोठा शॉट टाकून द्यावा लागला. त्या दिवसापासून मी प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर चारही कोपऱ्यांचे फोटो काढते, आणि फोटोत सीन नंबरची पाटी धरते. आठवणीवर काही सोडू नका.

बोलीबद्दल जरा सविस्तर. पुण्या-मुंबईच्या कलाकारांना "मराठवाडी बोला" म्हटलं की ते सगळ्या जिल्ह्यांचं एकत्र कालवतात. लातूर-नांदेडकडं "येऊलालो" म्हणतील, आमच्याकडं "येऊ राह्यलो". तीन सख्खे भाऊ दोन जिल्ह्यांचं बोलले तर इथला प्रेक्षक चित्रपटातून उठतो. मी संवाद गावातल्या बायकांकडून बोलून घेतले, रेकॉर्ड केले आणि कलाकारांना ऐकायला दिले. आणि बोली म्हणजे येडेपणा असं धरून अभिनय करणाऱ्याला वेळीच सांगायचं, नम्रपणे, पण दिग्दर्शकांच्या मार्फत. आमच्याच विभागात शिकवलेले डॉ. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात बावन्न पात्रं उभी करायचे. ती पात्रं खरी होती, म्हणून लोक हसायचे. नव्या माणसानं त्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकावं.

पैशाचं थोडक्यात : दिवसाचे किती, प्रवास-राहणं कुणाकडं, हप्ते कधी, हे कामाआधी लेखी घ्या, निदान मेसेजवर तरी. माझ्या आधीच्या एका छोट्या कामाचे पैसे तोंडी बोलीवर राहिले ते राहिलेच. स्वतःची गोष्ट कुणाला ऐकवायची असेल तर आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं नोंदवा.

आता बहिणीचा सीन. १९९४ पासून महाराष्ट्रात आणि २००५ च्या दुरुस्तीनं देशभर, वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. त्यामुळं मोबदल्याची चाहूल लागली की भावांना बहिणी आठवतात. साडी येते, गाडी येते, "अक्का, फक्त एक सही" येतं. ही सही हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याच्या कागदावर. पटकथेत या जागी बहिणीचं दीड पानाचं भाषण होतं. मला ते ऐकून बरं वाटेना. दुपारी जेवणाच्या सुट्टीत धीर करून दिग्दर्शकांना माझ्या आत्याचं सांगितलं. आत्यानं निबंधक कार्यालयात अंगठा लावायच्या आधी एकच विचारलं होतं : "बांधावरच्या आंब्याचे किती आले?" झाडांचं, विहिरीचं मूल्यांकन वेगळं होतं, ते तिला माहीत होतं. झाड आजोबांनी तिच्या जन्माच्या साली लावलेलं. "तेवढे मला द्या," म्हणाली, "बाकी तुमचं तुम्ही बघा."

दिग्दर्शकांनी ताट बाजूला ठेवलं. संध्याकाळपर्यंत भाषण गेलं आणि ते एक वाक्य आलं. शूटिंगच्या दिवशी कचेरीच्या सेटबाहेर गावातल्या बाया उभ्या होत्या. तिघं भाऊ आंब्याच्या पैशासाठी खिसे चाचपतात, एकमेकांकडं बघतात, तिथं त्या खळखळून हसल्या. मग अक्का अंगठा टेकवते, आणि त्या एकदम गप्प झाल्या. त्यांच्यातल्या एकीनं पदर तोंडाला लावला तो कटनंतरही काढला नाही.

मला त्यांच्याजवळ जाऊन बसायचं होतं, पण क्लॅप माझ्याकडं होता. त्या पानावर मी नोंद केली : अक्काच्या डाव्या अंगठ्याला निळी शाई. पुढचे तीन सीन तशीच. भाकरी थापतानाही.