एकट्या आईने बालसंगोपन योजनेचा अर्ज आधी करावा

पतीचे निधन झालेल्या किंवा घटस्फोटित मातांना महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची माहिती बहुधा असते. तहसील कार्यालयात अर्ज करून दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात, मात्र त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. याहून कमी परिचित, पण माझ्या मते अधिक मोलाची आहे ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, कारण तिची मदत मुलाच्या नावाने, अठराव्या वर्षापर्यंत, दरमहा २,२५० रुपये अशी मिळते. हा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यावा. त्यानंतर गृहचौकशी होते आणि बाल कल्याण समिती आदेश देते.

अर्ज अडतो तो बहुतेकदा नावातील तफावतीमुळे. आधारवर माहेरचे आडनाव, रेशनकार्डावर सासरचे आणि मुलाच्या शाळेच्या बोनाफाईडवर तिसरेच स्पेलिंग, अशी स्थिती असेल तर दाखले जोडण्यापूर्वीच दुरुस्ती करून घ्यावी. वडिलांचा मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा न्यायालयीन आदेश, उत्पन्नाचा व रहिवासी दाखला यांच्या दोन प्रती काढाव्यात आणि अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याखेरीज खिडकीवरून हलू नये.